पाच घरं

रिकुतो दुसरीत आहे.
शाळा सुटली की चौकीच्या दारात सायकल आडवी टाकतो
आणि माझ्या कमरेकडे बघत विचारतो,
"तोगाशी-सान, अजून हेच?
गेममधल्या पोलिसांकडे सतरा गोळ्यांचं असतं."

हेच, म्हणतो मी. अजून हेच.
फिरत्या चक्राचं, पाच घरांचं.
मुठीला दोरी, दोरीचं दुसरं टोक पट्ट्याला,
पोराचे हातमोजे हरवू नयेत म्हणून
आईनं गाठ मारून द्यावी तशी.

सकाळी तिजोरीतून काढायचं, वहीत वेळ लिहायची,
गोळ्या मोजायच्या. पाच.
रात्री परत ठेवताना, पाच.
एकवीस वर्षांत हिशोब चुकला नाही.
याचा अभिमान धरायचा का,
हे मला कुणी सांगितलेलं नाही.

वर्षातून एकदा अकिताला नेमबाजीसाठी जातो.
कागदाच्या माणसाला माझी गोळी बऱ्यापैकी लागते.
बाकीचं वर्ष हरवलेली पाकिटं,
उसनी दिलेली आणि न परतलेली छत्री,
बर्फात रुतलेली टपालाची गाडी,
आणि क्योनो-सानचा फोन:
"घड्याळ बंद पडलंय की मीच, जरा येऊन बघ."
त्यांच्या गल्लीत बारा घरं. दिवा तिघांकडेच लागतो.

नोव्हेंबरात पुन्हा फोन आला. आवाज अगदी खालचा.
"पर्सिमनच्या झाडावर कुणीतरी बसलंय."

अस्वल होतं.
पाठमोरं, फांदीवर टाकलेल्या ओल्या गोणपाटासारखं,
एकेक फळ तोडून सावकाश खात.
देठ खाली पडत होते. टप्.
मग बराच वेळ काही नाही. मग टप्.
माझा हात कमरेवर कधी गेला कळलं नाही.
अंगठा बटणावर, दोरी ताणलेली,
आणि समोर, एवढ्या वर्षांत पहिल्यांदा,
कागदाचं नसलेलं काहीतरी.

मागून निशिने आले, शिकारी मंडळाचे,
वय एक्क्याऐंशी, खांद्यावर फावडं असावं तशी लांब बंदूक.
माझ्याकडे न बघताच म्हणाले,
"ते राहू दे म्यानात.
त्यानं त्याला नुसता राग येईल."

मी बटण परत लावलं.
त्या एवढ्याशा आवाजानं अस्वलानं मान वळवली.
नाकाला केशरी गर लागलेला.

निशिने गुडघ्यावर बसले, नेम धरला, आणि थांबले.
वस्तीत गोळी झाडायची तर हुकूम माझा लागतो.
बंदूक त्यांची, शब्द माझा.
तो शब्द मला पाठ आहे, प्रशिक्षणात पाच-सात वेळा
मोठ्यानं म्हणून दाखवलाय.
खिडकीच्या काचेमागे क्योनो-सान,
हातात चहाचा पेला, तो पीत नव्हत्या.
निशिनेंचा श्वास वाफ होऊन वर जात होता.
त्यांनी एकदाच विचारलं, "काय?"

मी काहीच बोललो नाही.
दया म्हणा, भीती म्हणा,
किंवा तोंडाला पडलेली कोरड.
अंधारून आल्यावर ते उतरलं,
बंद घरांच्या मागून चढणीला लागलं,
आणि निशिनेंनी बंदुकीतून गोळी काढून खिशात टाकली
सुट्टे पैसे टाकावेत तशी.
"उद्या शाळेच्या वाटेवर दिसलं," ते म्हणाले,
"तर आजचा दिवस तुझ्या नावावर."

रात्री मोजल्या. पाच.
वहीत लिहिलं: वापर नाही.
तिजोरी बंद केली, परत उघडली, परत मोजल्या.

क्योनो-साननी झाड तोडून घेतलं.
बुंध्यावर आता बर्फाची उशी असते.

आणि रिकुतोच्या दप्तराला घंटा बांधलीय.
पोर दिसायच्या आधी ऐकू येतं,
वळणापलीकडून, पुलापासून.
तोवर मी दारात उभा असतो,
हात कुठे ठेवावा ते न सुचून.